माळा बांधण्यास परवानगी मिळणेबाबत

ताई आली ती आंब्याची पेटी घेऊनच. आईचं वर्षश्राद्ध होतं म्हणून आली, पण मे महिन्यात राजापूरहून रिकाम्या हाताने मुंबईला यायचं हे तिला जमणारच नाही. पेटी दारात ठेवली, घाम पुसला आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, "अढी कुठे घालतोस?" आंबे अर्धे हिरवे होते. गवतात घालून आठ दिवस ठेवल्याशिवाय खाण्यासारखे झाले नसते. बायको म्हणाली, बाल्कनीत घालू. बाल्कनीत दुपारचं ऊन भाजून काढतं. मी म्हटलं, पलंगाखाली घालू. पलंगाखाली बायकोच्या बॅगा. टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावरच्या घरात चार डझन आंब्यांना जागा मिळेना.

त्याच दिवशी नेमका इंटिरिअरवाला माप घ्यायला आला होता. पॅसेजच्या वर बघत तो म्हणाला, "साहेब, इथे मस्त लॉफ्ट निघेल. सामान टाकून द्या, दिसणार पण नाही." ताईने वर बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे पोटमाळाच की!" तो हसला. मी मात्र उगीचच पाणी आणायला आत गेलो. बारा-तेरा वर्षं झाली, तो शब्द ताईच्या तोंडून ऐकला की मला तिच्यासमोर उभं राहवत नाही.

तो उन्हाळाही असाच होता. लालबागला आमची खोली तिसऱ्या माळ्यावर होती, म्हणजे सगळ्यात वर. दहा बाय पंधरा. जुन्या चाळी बांधणाऱ्यांनी लांबी-रुंदीत हात आखडता घेतला, उंची मात्र मोकळ्या हाताने दिली. तेरा फूट. त्यातल्या अर्ध्या खोलीवर फळ्या टाकून केलेला पोटमाळा, जेमतेम चार फूट उंचीचा. त्यावर पितळेचे हंडे, गोधड्यांची गाठोडी, गणपतीचं मखर, आजोबांची पत्र्याची ट्रंक; आणि मे महिन्यात अढी. लहानपणी मी आणि ताई शिडीने वर चढायचो आणि रांगत जाऊन आंबे तपासायचो. मी बोटाने दाबून बघायचो आणि आईचा ओरडा खायचो. ताई आंब्याला हात लावत नसे. नाक जवळ न्यायची आणि सांगायची, हा उद्या, हा परवा. ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी ताई परत आली. का आली ते तिने आईला सांगितलं, आईने बाबांना सांगितलं, आणि मला कुणी काही सांगितलं नाही. पण तिच्या मनगटाकडे बघून मला जे कळायचं ते कळलं. कोर्टाचं सगळं आटपायला चार वर्षं गेली. ती परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली. काम तिला आवडायचं. कुणाची शीर सापडत नसली की बाकीच्या मुली तिला हाक मारायच्या. घरी मात्र ती पाहुण्यासारखी वागायला लागली होती. साडी बदलायची तर मोरीत. फोनवर बोलायचं तर गॅलरीत, तेही शेजारच्या बायका आत गेल्यावर. तिचं सगळं सामान एका सुटकेसमध्ये असे आणि ती सुटकेस तिने सहा वर्षांत पूर्ण उघडून कपाटात लावली नव्हती. कपाटात जागाच नव्हती, हेही खरं.

त्यात माझं लग्न ठरलं. मुहूर्त मार्गशीर्षातला. चाळीत नवी सून येणार म्हणजे काय होतं ते कुणी सांगायला लागत नाही. बाबा गॅलरीत झोपणार, आई शेजारच्या काकूंकडे. चौतीस वर्षांची ताई कुठे झोपणार, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. मामाने मात्र विचारलं. त्याच्याकडे एक स्थळ होतं, राजापूरकडचं. बायको वारलेली, पदरात दोन मुलं, किराण्याचं दुकान, वय ताईपेक्षा चौदा वर्षांनी जास्त. ताई म्हणाली, "मला दुसरं लग्न करायचं नाही. माझी नोकरी आहे, मी इथेच राहणार." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला चालत असेल तर."

ते शेवटचं वाक्य बाबांना लागलं. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणी गेल्यावर दादरला एका कापडाच्या दुकानाबाहेर वॉचमनच्या खुर्चीत बसून त्यांनी आमची शिक्षणं केली. फार बोलणारे नव्हेत. गुढीपाडवा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाट भिंतीला उभी केली, खडू घेतला आणि लादीवर रेघा ओढायला सुरुवात केली. आठ फूट इकडे, दहा फूट तिकडे. इथे जिना येईल, शिडी नको, जिना. इथे खिडकी. आई म्हणाली, "अहो, हे काय चालवलंय?" बाबा गुडघ्यावर बसूनच म्हणाले, "नंदाची खोली."

त्यांचा हिशेब सोपा होता. पोटमाळ्याच्या फळ्या काढायच्या, दोन फूट खाली आणून लोखंडी बीमवर टाकायच्या. खाली सात फूट, वर सहा. मागच्या भिंतीला दोन फुटांची खिडकी पाडायची, म्हणजे मागच्या वाडीतला शेवगा दिसेल आणि वारा येईल. "खालच्यांचा डोक्याक लागला तर लागांदे," ते मालवणीत म्हणाले. "पण वर माझा चेडू ताठ उभा रवाक होया." वाकून जगणं तिने पुरेसं केलं होतं, असं त्यांना म्हणायचं असावं. मग त्यांनी ताईला हाक मारली, "गो नंदा, हय आडवी पड बघया." ताई ओशाळली. पण लॅबच्या पांढऱ्या कोटासकट ती त्या खडूच्या चौकोनात आडवी झाली, हात अंगाशी घेऊन, डोळे छताकडे लावून. बाबांनी तिच्या पायांपाशी आणखी एक रेघ मारली. आईने त्यानंतर पंधरा दिवस तेवढी लादी पुसली नाही. येणाजाणाऱ्याला ती ओरडायची, "अरे, रेघेवरून जाऊ नका, तिच्या खोलीत पाय टाकताय!" त्या रिकाम्या जमिनीला आम्ही खरंच वळसा घालून जायला लागलो.

एका रविवारी बाबा, मी आणि ताई रे रोडला लाकडाच्या वखारीत फळ्या बघायला गेलो. उन्हात भुसा उडत होता. बाबा प्रत्येक फळीवर बोटाची पेरं मारून आवाज ऐकायचे आणि पुढे सरकायचे. ताईला विचारायचे, "ही बरी काय ती?" ताई म्हणायची, "तुम्हाला वाटेल ती." बीमचा रंग कोणता, जिन्याला कठडा हवा का, सगळ्याला तेच उत्तर. येताना मी मनात म्हटलं, हिला काही पडलेलीच नाही. आम्हीच उगाच धावतोय. ही समजूत मी पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवली. माझ्या सोयीची होती.

भिंतीला भोक पाडायचं आणि लोखंड घालायचं म्हणजे घरमालकाचं पत्र आणि महापालिकेच्या कचेरीची परवानगी दोन्ही लागणार होतं. दादरच्या एका ड्राफ्ट्समनने बाबांच्या खडूच्या रेघा कागदावर उतरवल्या. अर्ज लिहायचं काम माझं. त्यात मला कुणी सांगण्याची गरजच नव्हती. चाळीतले सगळे अर्ज मी लिहायचो. पाण्याची तक्रार असो, शाळेचा दाखला असो की गणपतीच्या मंडपाचं पत्र, तिन्ही माळ्यांवरचे लोक कागद घेऊन माझ्याकडे येत. अक्षर चांगलं, भाषा शुद्ध, आणि त्या दोन्हींचा मला नको तितका तोरा.

बाबा म्हणाले, "पोटमाळो लिही." मी पेन उचलला आणि थांबलो. मला 'पोट' खटकलं. पत्रासाठी हाच अर्ज आधी घरमालकाच्या माणसाला दाखवायचा होता, आणि त्याला 'पोट' म्हटलं की एकच गोष्ट आठवते, पोटभाडेकरू. त्याच वर्षी पहिल्या माळ्यावरच्या एकावर पोटभाडेकरू ठेवल्याचं प्रकरण झालं होतं. वेगळा जिना, वेगळी खिडकी आणि वर 'पोट', म्हणजे आम्ही वरची जागा भाड्याने देणार असं त्याला वाटलं तर? मी माझ्या हुशारीवर खूश झालो. पोट गाळलं आणि झोकदार अक्षरात लिहिलं, 'विषय : तिसऱ्या माळ्यावरील खोलीस माळा बांधण्यास परवानगी मिळणेबाबत.' बाबांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "बरा दिसता." आणि सही केली.

मुंबईत माळा म्हणजे फळ्यांचा कप्पा आणि माळा म्हणजे अख्खा मजला, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एकाच ओळीत मी तो शब्द दोनदा लिहिला, दोन वेगळ्या अर्थांनी, आणि मला तो खड्डा दिसला नाही.

महिनाभराने जिन्याखाली एक कागद चिकटवला गेला. सदर इमारतीवर वाढीव मजला बांधण्याचा अर्ज आला असून रहिवाशांनी हरकती कळवाव्यात, वगैरे. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात जत्रा. दुसऱ्या माळ्यावरचे कांबळे काका म्हणाले, "काय शेठ, चौथा माळा चढवताय म्हणे? आमच्यासाठी पण एक खोली ठेवा." कुणी लिफ्ट कधी लावणार ते विचारलं. बाबाही हसले. त्यांना वाटलं कचेरीचा घोळ आहे, दोन दिवसांत निस्तरेल. मी हसलो नाही, कारण कागदावर माझंच वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून कचेरीत गेलो. टेबलामागच्या मॅडम शांत होत्या. त्यांनी फाईल उघडली, नकाशा बघितला, मग माझा अर्ज बघितला.

"हा नकाशा तर पोटमाळ्याचा आहे."

"हो मॅडम, पोटमाळाच करायचाय."

"मग अर्जातलं पोट कुठे गेलं?"

मी माझंच अक्षर पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे विषय वाचून टेबल ठरतं, भाऊ. वाढीव मजला म्हटल्यावर फाईल तिकडे गेली. आता त्याला इंजिनीअरचा दाखला, सगळ्या भाडेकरूंची संमती, बरंच काही लागेल. तुम्ही एक करा. हा अर्ज मागे घेतो असं वडिलांच्या सहीचं पत्र आणा आणि नव्याने अर्ज करा. पोटमाळ्याला फार वेळ नाही लागत. महिना, दीड महिना."

महिना, दीड महिना. मार्गशीर्षाला सहा महिने होते. घरी जाऊन बाबांना म्हणायचं, माझी चूक झाली, इथे सही करा. एवढंच करायचं होतं. पत्र मी त्याच दुपारी ऑफिसात बसून लिहिलं. घडी घालून बॅगेत ठेवलं. आणि तीन आठवडे ते तसंच राहिलं.

लाज वाटली हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते खोटं नव्हतं. चाळीचा अर्ज लिहिणारा मी, मला बाबांसमोर एका शब्दासाठी मान खाली घालायची नव्हती. पण ते सगळं कारण नव्हे. त्याच दिवसांत मी आणि माझी होणारी बायको शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो आणि तिने सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे वर खोली होतेय ना? आपण वर राहणार का?" तिला काही माहीत नव्हतं. ती खोली ताईची आहे, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हटलं, "बघू, परवानगी आली की." असं म्हणताना माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतं, आणि ते आठवलं की आजही माझी मलाच शरम वाटते. मला घाई नव्हती. ताईचं स्थळ अजून हवेत होतं, आणि खोली एकच होणार होती.

त्या मेमध्ये मग हळूहळू सगळी चाळ गावाला गेली. दारांना कुलपं, गॅलरी ओस. आमची अढी त्या वर्षी खाटेखाली घातली होती, कारण बाबांनी उत्साहाने पोटमाळा आधीच रिकामा करून ठेवला होता. वर नुसत्या फळ्या. ताई संध्याकाळी कामावरून आली की विचारायची, "कचेरीतून काही आलं?" मी म्हणायचो, "चालू आहे." ती "बरं" म्हणायची आणि मोरीत तोंड धुवायला जायची. रोज विचारत होती. मग एके दिवशी तिने विचारणं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात मामा आला. या वेळी एकटा नव्हता. राजापूरचे गृहस्थ स्वतः आले होते. साधे होते. चहा बशीत ओतून प्याले आणि माझ्या नोकरीची चौकशी केली. जाताना ते खाली जिन्यातला कागद वाचत उभे राहिले आणि मामाला म्हणाले, "इमारत वाढवतायत वाटतं." ताई गॅलरीतून ऐकत होती. आत आली आणि बाबांना म्हणाली, "होय म्हणून कळवा."

बाबा म्हणाले, "गो, वाईच थांब. परवानगी येतली."

"कधी येतली, बाबा?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हासुद्धा बॅगेतून ते पत्र काढता आलं असतं. मी काढलं नाही.

आषाढ लागायच्या आत गावाला देवळात लग्न झालं. ताईने नोकरीचा राजीनामा दिला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुली तिला सोडायला आल्या होत्या आणि त्यांतली एक रडत मला म्हणाली, "दादा, एवढी काय घाई केलीत?" नंतर मी बाबांना शब्दाची चूक सांगितली, तीन आठवड्यांची सांगितली नाही. त्यांनी मागे घेण्याच्या पत्रावर सही केली आणि मी नवा अर्ज लिहिला, सगळ्या अक्षरांसकट. गणपतीच्या सुमारास परवानगी आली. मॅडम म्हणाल्या होत्या त्यापेक्षा आठ दिवस जास्त लागले, एवढंच.

पोटमाळा झाला. चांगला झाला. सहा फूट उंची, सागाच्या फळ्या, जिन्याला कठडा, खिडकीत शेवगा. माझा संसार तिथे सुरू झाला. माझी मुलगी तिथे रांगायला शिकली. बाबा खाली खाटेवर बसून सुताराला सूचना द्यायचे, पण काम पुरं झाल्यावर ते एकदाही वर चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. तेच गुडघे तीन जिने रोज दोनदा चढायचे. ताई माहेरपणाला आली की खाली आईजवळ झोपायची. माझी बायको तिला म्हणायची, "ताई, वर या ना, वारा छान येतो." ती म्हणायची, "मला खालीच बरं."

बाबा गेले. चाळ पाडली. आम्ही ट्रान्झिट कॅम्पात राहिलो आणि मग या टॉवरमध्ये आलो. आई इथे चारच महिने जगली. फळ्या, बीम, शेवगा, काही राहिलं नाही. मला वाटायचं, जागाच उरली नाही म्हटल्यावर त्या खोलीचं ओझंही उतरेल. तसं झालं नाही.

वर्षश्राद्ध झालं. काल दुपारी ताईला गाडीत बसवायला परळला गेलो. ट्रॅव्हल्सची बस उशिरा येणार होती. फुटपाथवर तिच्या पिशव्या ठेवून आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिचे केस पुढून पांढरे झालेत. सावत्र मुलगा इंजिनीअर झाला, मुलीला ती आता नर्सिंगला घालणार आहे, हे ती मोठ्या अभिमानाने सांगत होती. मी मधेच म्हटलं, "ताई, तुला एक सांगायचंय." आणि सांगून टाकलं. मॅडम काय म्हणाल्या ते, बॅगेतलं पत्र, शिवाजी पार्कचा कट्टा, सगळं.

तिने पायाशी कललेली पिशवी सरळ केली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे रे. ती नेहमी तसंच म्हणते.

"तीन आठवडे होय," ती म्हणाली. आणि मग, "मी कापड घेतलं होतं, बाबू."

"कसलं?"

"पडद्याला. त्या खिडकीच्या. दादरला घेतलं, कामावरून सुटल्यावर. पिवळं होतं, त्यावर बारीक निळी फुलं. दोन फुटांच्या खिडकीला लागतं किती? पण मी दीड मीटर घेतलं. चुण्या पडल्या की बरं दिसतं."

"पण मला तर वाटायचं, तुला काही पडलेलीच नव्हती. घरात कुणी कधी बघितलंही नाही ते."

"घरात ठेवू कुठे? लॅबमधल्या माझ्या खणात होतं. जेवायच्या सुट्टीत काढून बघायचे." ती थोडी हसली. "कठडाही मला हवा होता. पण तुम्ही सगळे आधीच एवढं करत होतात, त्यात आणि मी कसं सांगणार?"

बस आली. मी पिशव्या उचलल्या. तिने माझ्या हातातली एक पिशवी परत घेतली, पायरीवर पाय ठेवला. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "त्या कापडाचं काय केलंस?"

"काय करणार? बरोबर नेलं. तिकडे गेले तर दोन्ही पोरांच्या उशा उघड्या होत्या. बरोब्बर दोन अभ्रे बसले त्यात," ताई म्हणाली. "चिंधीसुद्धा वाया गेली नाही."